डोरलं ओवायला दिलं आहे

बालाघाट
सोमवार, २२ सप्टेंबर १९९७

प्रिय रचना,

आई-बाबांना माझा नमस्कार सांग. मी बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो, कारण तुमच्या शेजारच्या टिकारामच्या दुकानात दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तुमची खुशाली त्यानंच सांगितली. "ताई कामात हाये, येत नाही म्हणते," हे दुसऱ्यांदा सांगताना तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त अवघडला होता. म्हणून आता पत्र लिहितो आहे. पोस्टाच्या भरवशावर राहत नाही. लांजीच्या बसचा कंडक्टर सुखराम तुमच्याच गल्लीतला, त्याच्या हाती पाठवतो. फोनवर यायचं टाळता येतं, पण पाकीट घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कसं घालवशील, असा माझा हिशेब.

इथं सगळं ठीक आहे. तीज झाली, गणपती गेले, पितृपक्ष लागला. शेजारच्या अनुसयाकाकू रोज विचारतात, "रचना काहून नाही आली अजून?" आधी मी सांगितलं, तीजेला माहेरी गेली. मग सांगितलं, गणपती करून येईल. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तुझ्या बाबांचे गुडघे दुखायला लावले आहेत. बाबांना हे कळू देऊ नकोस.

स्वयंपाक जमतो. भात रोज खाली लागतो, पण वरचा चांगला असतो.

राजदूत अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. तू गेल्यापासून मी तिला एकदाही किक मारलेली नाही. ऑफिसात पायी जातो. तुझ्या शिलाईच्या पैशांतून, तुला न विचारता मोटारसायकल घेतली हे मी नाकारत नाही. त्याबद्दल जे बोलायचं ते समोरासमोर बोलू.

डोरल्याची काळजी करू नकोस. त्या दिवशी बॅग उचलताना त्याचा दोरा वाढला (मंगळसूत्राच्या बाबतीत तुटला म्हणू नये असं माझी आई सांगते, म्हणून मीही लिहीत नाही) आणि तू ते देवाच्या कोनाड्यात ठेवून, 'पटव्याकडे द्या' एवढंच बोलून निघालीस. ते ओवायला दिलं आहे.

एक किरकोळ गोष्ट विचारायची होती, मांजराची. बुंदी कालपासून खात नाही. दूध ठेवलं तर तोंड फिरवलं. सुकट भाजून ठेवली, तर वास घेऊन कोठीच्या मागे जाऊन बसली. आज दोनदा उलटी केली, नुसता फेस. ती कधी अशी बसते का, पाय पोटाखाली घेऊन, मान खाली घालून? हाक मारली तर फक्त कान हलवते. अशा वेळी तू तिला काय देतेस? सुखराम संध्याकाळच्या फेरीला परत येतो, त्याच्याजवळ दोन ओळी दे. मला लिहायचं नसेल तर बुंदीच्या नावाने लिही.

घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलेलो नाही.

तुझा
घनश्याम



बालाघाट
बुधवार, २४ सप्टेंबर, सकाळ

रचना,

सोमवारी सुखराम रिकाम्या हाताने आला. "पाकीट देल्लं, पण ताई काही बोलली नाही," म्हणाला. तुझा राग आहे, असू दे. हे पत्र मात्र उभ्या उभ्या वाच आणि सुखरामला दारातच थांबवून ठेव. त्याची बस लांजीला बराच वेळ थांबते, मी त्याला सांगून ठेवलं आहे.

बुंदीची तब्येत चांगली नाही.

काल तिला तुझ्या भाजीच्या पिशवीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत एक बैल, दोन शेळ्या आणि मी. एक जण म्हणाला, "बाबूजी, बिल्ली का भी इलाज होता है क्या?" आणि बैलवाल्यासकट सगळे हसले. डॉक्टर बिसेन तेवढे हसले नाहीत. त्यांनी तिचं तोंड उघडून टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला लावलं. जिभेच्या मुळाशी काळ्या दोऱ्याचा वेढा बसला होता. बाकीचा दोरा आत गेलेला. मी हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ओढू नका. ओढला तर आतडं चिरत जाईन. सुई होती काय संगं?"

होती, म्हणालो.

एक्स-रे काढायला माणसांच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथला माणूस आधी नाही म्हणाला, मग म्हणाला रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागेल. पेशंटचं नाव बुंदी, वय पाच, स्त्री. पालकाचं नाव माझं. प्लेटवर सुई अगदी स्वच्छ दिसली, पोटात आडवी. डॉक्टर बिसेननी ती प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हशीच्या पोटातून मी हाताएवढा खिळा काढला हाये. पण हिचं आतडं माह्या करंगळीएवढं. बेशुद्ध कराचं औषधबी माह्यापाशी ढोराच्या मापाचं. इथं हात घातला तर तुमच्यासमोर मारीन मी तिले. नागपूरले न्या. आजच्या आज न्या म्हणतो मी."

आजच्या आज म्हणाले ते काल. मी अजून बालाघाटातच आहे, कारण पैसे नाहीत.

बसमध्ये तिचं निभणार नाही, जीप करावी लागेल. नागपूरच्या खाजगी डॉक्टरांकडे बिसेन साहेबांनी फोन करून विचारलं. ऑपरेशन, बेशुद्धीचं औषध, सलाईन, दोन दिवस तिथं राहणं, सगळं धरून माझ्या पगाराच्या दुपटीला जाऊन भिडतं. तुला माहीत आहे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे किती असतात.

काल दिवसभर मी काय केलं ते सांगतो. आधी राजदूत विकायला काढली. ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडेच गेलो. तो म्हणाला, "पितरात गाडी कोण घेते, बाबू? घट बसले का मंग ये." आणखी दोघांनी तेच सांगितलं. एकाला मी अर्ध्या किमतीत देतो म्हणालो, तर त्याला वाटलं गाडीत काही खोट आहे.

मग ऑफिसच्या पतसंस्थेत गेलो. अर्जावर कर्जाचं कारण लिहायचं असतं. घरबांधणी, लग्न, आजारपण. मांजर कुठेच बसत नाही. आमचे बडे बाबू म्हणाले, "बायको बिमार लिही. उद्या दुपारपर्यंत मंजूर करून देतो." सगळे तसंच लिहितात, मला माहीत आहे. पेन उघडलं. पण तुझं डोरलं तिकडे कोनाड्यात पडलेलं आणि मी इकडे कागदावर तुला आजारी पाडू? हात धजला नाही. अर्ज घडी करून खिशात घातला आणि निघालो.

हो, कोनाड्यात. सोमवारी ओवायला दिलं म्हणून लिहिलं ते खरं नव्हतं. पटव्याचं दुकान ऑफिसच्या वाटेवर आहे. तो सगळ्यांना ओळखतो. बायको घरी नसताना नवरा डोरलं ओवायला घेऊन आला म्हणजे काय झालं, हे त्याला सांगावं लागत नाही, आणि त्याला कळलं की सगळ्या सराफ्याला कळतं. म्हणून मी रोज त्याच्या दुकानावरून पुढे जात राहिलो. धीर करून गेलो तोवर पितृपक्ष लागला होता. म्हणाला, "पितरात काळे मणी ओवत नाही मी. घट बसल्यावर आणा."

तर आता एकच वाट उरली आहे आणि ती तुझ्या हातात आहे. डोरल्याचं सोनं दुलीचंद सराफाकडे गहाण ठेवायचं, राजदूत विकली गेली की सोडवायचं. काल संध्याकाळी त्याच्याकडे गेलो होतो. रुमाल उघडून डोरलं समोर ठेवलं तर त्यानं हात मागे घेतला. "भैया, औरत के गले की चीज है. औरत खुद आके दे, नहीं तो उसकी चिठ्ठी ला. मेरे बाप ने भी बिना पूछे नहीं लिया कभी." मी सांगितलं, मांजर मरते आहे. तो म्हणाला, "सच बोल रहा होगा तू. पर चिठ्ठी ला."

म्हणून तुला विचारतो आहे. राजदूत न विचारता घेतली, हे विचारून करतो. दुलीचंदच्या नावाने दोन ओळी लिहून सुखरामजवळ दे. द्यायचं नसेल तर नाही म्हणून लिही, पण काही तरी लिही. मी संध्याकाळी बसस्टँडवर उभा राहीन.

सोमवारी लिहिलं होतं मी घाबरलेलो नाही. तेही खरं नव्हतं. ती आता कान हलवत नाही. मी दर थोड्या वेळाने तिच्या पोटावर हात ठेवून बघतो आहे.

वाट पाहणारा
घनश्याम



बालाघाट
रविवार, २८ सप्टेंबर

रचना,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. बुधवारचं आधी वाच, मग हे.

ते बुधवारचं बंदच परत आलं. तुमच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या शेवंताबाईंनी सुखरामला सांगितलं, सगळे आमगावला मामांकडे श्राद्धाला गेले, उद्या येतील. मी स्टँडवर उभा होतो. सुखराम खिडकीतूनच पाकीट हलवत आला तेव्हा मला वाटलं तू लिहिलंस. हातात घेतल्यावर माझंच अक्षर दिसलं.

तू नाही म्हणाली असतीस तर मी तुझ्यावर चिडलो असतो आणि त्या रागात काही तरी केलं असतं. कुलपावर कसं चिडणार? घरी आलो, बुंदीजवळ बसलो. तिचा श्वास वर वर चालला होता.

गुरुवारी सकाळी मी काय केलं ते आता लिहितो. हे लिहायला मला शनिवारपासून आजपर्यंत वेळ लागला आहे.

तुझ्या नावाने चिठ्ठी मीच लिहिली. स्वयंपाकघरातले तुझे डबे ओट्यावर मांडून बसलो. हळद, धणे, मोहरी, रवा. त्यावरच्या चिठ्ठ्यांवरून तुझं अक्षर गिरवलं. तुझा 'र' पोट पुढे काढून चालतो, तो जमायला तीन कागद फाडावे लागले. लिहिलं, माझे डोरले मी राजीखुशीने देत आहे, माझ्या घरच्यांना रक्कम द्यावी. खाली सौ. रचना.

दुलीचंदनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, चिठ्ठी वाचली, परत वाचली. "कब लिखी भाभी ने?" काल, म्हणालो. मग तो चिठ्ठी घेऊन आत गेला आणि किती तरी वेळ बाहेरच आला नाही. पेढीवर मी आणि त्याचा मुनीम दोघंच. मुनीम माझ्याकडे बघत होता. माझी खात्री झाली की आत पोलिसांना फोन चालला आहे. सिंचाई विभागातला बाबू बायकोच्या खोट्या सहीनं दागिना गहाण ठेवायला आला, असं उद्या सगळ्या बालाघाटात होईल, हे मला दिसत होतं. पळून जावं असंही मनात आलं. पण डोरलं त्याच्या गादीवर होतं आणि बुंदी बाहेर ठरवून आणलेल्या जीपमध्ये. दुलीचंद बाहेर आला, माझ्याकडे न बघता तिजोरी उघडली आणि पैसे मोजून दिले. एवढंच म्हणाला, "बिल्ली बच जाए तो बता जाना."

बुंदीला मी त्याच वेताच्या टोपलीत ठेवलं होतं, जिच्यात तू तिला लांजीहून आणलं होतंस. आता ती तिच्यात मावत नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही. वारासिवनी, तुमसर, भंडारा. भंडाऱ्याच्या अलीकडे ती हलेना. नाकाशी बोट धरलं तर काही कळेना. जीपवाल्या पवनला ओरडून गाडी थांबवायला लावली. इंजिन बंद झाल्यावर तिचा श्वास ऐकू आला. पवन म्हणाला, "भैया, जिंदा है. तुम सांस लो पहले."

नागपूरच्या डॉक्टर बाई वयाने लहान आहेत. एक्स-रे बघून त्यांनी विचारलं, "सुईच्या मागे ही ठिपक्यांची रांग कसली आहे?"

रचना, बुधवारच्या पत्रात मी त्या ठिपक्यांबद्दल लिहिलं नव्हतं. सुई लिहिली, दोरा लिहिला. कोणता दोरा ते लिहिलं नाही. पटवा घट बसल्यावर ये म्हणाला, आणि मला वाटलं तू त्याआधी आलीस तर? आलीस आणि कोनाड्यात ते तसंच पडलेलं बघितलंस तर? म्हणून काळ्या दोऱ्याची रीळ आणली आणि रविवारी दुपारी मीच ओवायला बसलो. इतकं काय कठीण असेल म्हटलं. सोन्याच्या वाट्या मधे घालायच्या म्हणून बाजूला काढून ठेवल्या आणि आधी एका बाजूचे मणी ओवायला घेतले. बुंदी समोर बसून बघत होती. मी तिच्याशी गप्पाही मारत होतो, तू आल्यावर काय म्हणशील ते. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठून गेलो, गॅस बंद केला, ओटा पुसला. परत आलो तर दोरा नव्हता, सुई नव्हती, ओवलेले मणी नव्हते. बुंदी ओठ चाटत होती. मी कॉटखाली शोधलं, सतरंजी झटकली. तिच्यावर संशय घेतलाच नाही. पाच वर्षांत तिनं तुझ्या शिलाईतल्या एका चिंधीला तोंड लावलं नव्हतं.

ती ठिपक्यांची रांग तुझ्या गळ्यातले काळे मणी होते. बिसेन साहेबांनी प्लेट खिडकीत धरली तेव्हा त्यांनाही कळलं असावं, म्हणून ते गप्प राहिले. मी डॉक्टर बाईंना खरं ते सांगितलं. त्या हसतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त माझ्याकडून कागदावर सही घेतली. या वेळी माझीच.

ऑपरेशन चाललं असताना मी व्हरांड्यात बसलो होतो. एक कबुली देतो. मला बुंदीसाठी भीती वाटत होती, आणि तिच्याहून मोठी भीती दुसरीच होती. ऑफिसात मी सगळ्यांना शकुन-अपशकुनावरून चिडवतो, पण तिथं बसून मला एकच दिसत होतं. बायको निघून गेली, डोरल्याचा दोरा गेला, मणी मांजरीच्या पोटात आणि सोनं सराफाकडे. ती जगली नाही तर तुझ्या गळ्यातलं काहीच जागेवर राहणार नाही. मी हात जोडले. कोणत्या देवाला ते मला माहीत नाही.

आतडं दोन ठिकाणी कापावं लागलं. शनिवारी तिला घरी आणलं. पोटावर टाके आहेत, मागचा पाय सलाईनसाठी भादरलेला. कोठीमागे जाऊन न बसता तुझ्या घडी घातलेल्या हिरव्या साडीवर बसली आहे, आणि मी उठवत नाही. बोटावर पाणी दिलं तर दोनदा चाटलं. अजून खाल्लेलं नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, दोन-तीन दिवसांत आपल्या मनाने खाल्लं तर वाचली समजा. नाही खाल्लं तर टाके आतून धरले नाहीत. म्हणून मी ताटली ठेवतो आणि लांब जाऊन बसतो, म्हणजे तिला माझी घाई दिसू नये.

निघताना डॉक्टर बाईंनी एक लहान बाटली दिली. सुई, दोऱ्याचे तुकडे आणि मणी. "हे फेकायचं का?" विचारलं. मी बाटली खिशात टाकली. ती आता माझ्यासमोर आहे.

तू घर सोडून गेलीस ते राजदूत न विचारता घेतली म्हणून. आता मी तुझं डोरलं न विचारता दिलं, आणि तुझं नावही वापरलं. बुंदीला वाचवण्यासाठी केलं हे खरं आहे, पण ती माझ्याच हातून मरणाच्या दारात गेली हेही खरं आहे. दुलीचंदकडे खरं सांगायचं असेल तर तू सांगू शकतेस. मी नाही म्हणणार नाही.

खाली नेहमी 'तुझा' लिहितो. या वेळी जागा सोडली आहे.

घनश्याम



लांजी
रविवार, संध्याकाळ

अहो,

सुखरामभाऊ दारात उभे आहेत, बस सुटायची आहे, म्हणून सुचेल तसं लिहिते. दोन्ही पत्रं वाचली. आईनं पण वाचली. बाबांचे गुडघे तुम्ही दुखवले ते सोमवारच्या पत्रातच तिला कळलं होतं. बाबा तेव्हापासून मुद्दाम गच्चीवर चढउतार करून राह्यले.

तुम्हाला एक माहीत नाही. गुरुवारी सकाळी आम्ही आमगावहून उतरलो आणि टिकारामभाऊ धावत आले, बालाघाटच्या सराफाचा फोन हाये म्हणून. तुमच्या फोनला मी आले नव्हते. सराफाचा म्हटल्यावर अनवाणी गेले. नंबर त्यांनी लांजीच्या सराफाकडून काढला म्हणे. दुलीचंद शेठ म्हणाले, "आपके घरवाले आपका डोरला लाए हैं, बिल्ली को ऑपरेशन के लिए नागपुर ले जाना है बोलते हैं. चिठ्ठी भी लाए हैं." आणि वाचून दाखवली. 'राजीखुशीने' हा शब्द मी जन्मात कधी लिहिला नाही. बुंदीला ऑपरेशन कशाचं, डोरलं कसं, काहीच माहीत नाही. शेठ म्हणाले, "चिठ्ठी आपकी ही है ना?"

मी म्हटलं, हौ, माझीच हाये. त्याईले पैसे देऊन टाका.

तेव्हापासून टिकारामभाऊच्या दुकानात बसून आहे. फोन वाजला की उठते. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. तुम्ही एक फोन केला नाही. मी दोनदा आले नाही म्हणून तुम्ही केला नसेल, हे कळत होतं, त्यानं आणखीच भीती वाटे. नागपुरात कुठं शोधू? वाचली की गेली, कोणाला विचारू?

राजदूतचा राग गेलेला नाही. येऊन भांडणार आहे, तयारीत राहा. पण बुधवारी तुम्ही विचारलं होतं. दाराला कुलूप होतं, त्यात तुमचा दोष नाही.

भाताची पेज करा, अगदी पातळ, मीठ घालू नका. त्यात सुकटीचं गाळलेलं पाणी घाला आणि ताटलीत देऊ नका, तुमच्या बोटावर द्या. लांब बसू नका. तिला लांब बसलेला माणूस आवडत नाही, ती खायची थांबते. सुखरामभाऊंजवळ एक पिशवी देते आहे, त्यात मी आज नेसलेली साडी आहे. धुतलेली नाही. हिरवी काढून ही तिच्या तोंडाशी ठेवा.

उद्या आजोबांची तिथी आहे. ती झाली की मंगळवारच्या पहिल्या बसने येते. तोवर तिला जगवा. ते तुमच्या हातात नाही हे मला कळतं, तरी जगवा. मला फार भीती वाटून राह्यली.

मणी फेकू नका. गरम पाण्यातून काढून कोनाड्यात ठेवा. डोरलं सोडवून आणलं की घट बसल्यावर पटव्याकडे मी जाईन, तुम्ही सोबत या. सुईला हात लावू नका.

ती चिठ्ठी लिहिणारी,
रचना